परांचीच्या कामात दोर कोणता घ्यावा आणि गाठ कोणती मारावी

प्रश्न असा आहे की, बांबूची आणि लोखंडी पाइपांची अशी दोन्ही प्रकारची परांची उभारणाऱ्याने सर्वांत मजबूत म्हणून एकाच जाडीचा नायलॉनचा दोर आणला आणि तोच सगळीकडे वापरला, तर त्यात काय बिघडते. आणि गाठी शिकायच्याच झाल्या तर नेमक्या कोणत्या शिकाव्यात.

दोराची निवड मजबुतीपासून सुरू केली की पुढचे बहुतेक निर्णय चुकतात. परांचीवर दोर चार वेगवेगळी कामे करतो: तो सांधा बांधतो, माल वर ओढतो, वर जाणारी किंवा हेलकावणारी वस्तू आवरून धरतो आणि माणूस पडला तर त्याला झेलतो. या चार कामांना लागणारे गुण एकमेकांशी जुळत नाहीत. काही तर सरळ उलटे आहेत. माणसाला झेलणारा दोर थोडा ताणला गेला तर धक्का सौम्य होतो, पण सांध्याचा दोर तसाच ताणला गेला तर सांधा ढिला होतो. म्हणून दोर हातात घेताना आधी तो कोणत्या कामाचा हे ठरवावे, मग त्याचा धागा, मग गाठ, आणि जाडीचा व ताकदीचा हिशेब शेवटी करावा.

तरीही ताकदीचे आकडे डोळ्यांसमोर असावेत. 12 मिलीमीटर जाडीचा तीनपेडी दोर घेतला, तर मनिला म्हणजे अबाका या झाडाच्या तंतूंचा दोर सुमारे 1 टनाच्या आसपास तुटतो, पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे 2 टनांना, पॉलिएस्टरचा त्याहून थोडा वर आणि नायलॉनचा जवळपास 3 टनांना. हे आकडे नव्या, कोरड्या, सरळ ताणलेल्या आणि बिनगाठीच्या दोराचे असतात, आणि कामावरचा दोर यांपैकी काहीच नसतो. नायलॉन ओला झाला की त्याची 10 ते 15 टक्के ताकद जाते. गाठ मारली की आणखी जाते, धारेवरून वळला की आणखी जाते, उन्हात पडून राहिला की त्याहून जाते. साध्या ओढकामात मी तुटण्याच्या भाराच्या दहाव्या हिश्श्यापुढे जात नाही. काहींना हा हिशेब फार सावध वाटतो, पण झटक्याने पडणारा भार तराजूवरच्या वजनाच्या कितीतरी पट असतो हे लक्षात घेतले तर तो तसा वाटणार नाही.

आता सांध्याच्या दोराकडे वळतो, कारण बांबूच्या परांचीत सगळा भार शेवटी सांध्यांवर येतो. (लोखंडी पाइपांच्या परांचीत सांधा क्लॅम्पनेच झाला पाहिजे. तिथे दोराने पाइप बांधणे हा क्लॅम्पला पर्याय नाही, तात्पुरताही नाही.) नायलॉनचा तीनपेडी दोर तुटण्याआधी आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ताणला जाऊ शकतो; कामाच्या भारालाही तो जाणवण्याइतका ताणला जातो आणि भार हलला की परत येतो. अशा दोराने बांधलेला सांधा माणूस फळीवर चढला की किंचित उघडतो आणि उतरला की मिटतो. दिवसभर हे चालले की आडवा बांबू हळूहळू खाली सरकतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि हलके असते, ते कुजत नाही, पण सांध्यासाठी त्यात तीन दोष आहेत. ते गुळगुळीत असल्याने गाठ सरकते, सतत ताणाखाली ते कायमचे लांबत जाते, आणि रक्षक द्रव्य न मिसळलेले असेल तर ऊन त्याला लवकर खाते. पृष्ठभाग खडबडीत झाला आणि नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी आली, तर तो दोर सांध्यातून काढायचाच.

सांध्यासाठी काथ्या, सिसल किंवा मनिला हे वनस्पतिजन्य दोर अजूनही चांगले, कारण ते बांबूला आणि स्वतःलाही घट्ट पकडतात. काथ्याची ताकद मनिलापेक्षा बरीच कमी असते, पण सांध्यात दोराचे आठ-दहा पदर एकत्र भार घेतात, त्यामुळे तिथे एका पदराच्या ताकदीपेक्षा पकड महत्त्वाची ठरते. या दोरांचा एक स्वभाव मात्र पक्का समजून घ्यायला हवा. पिळाचा दोर भिजला की तंतू फुगतात, दोर जाड होतो आणि लांबीला आखूड होतो. वाळला की पुन्हा लांबतो. म्हणजे कोरड्या दोराने बांधलेला सांधा पावसात आवळतो आणि उन्हात पुन्हा सैल होतो, तर भिजवून बांधलेला सांधा पहिल्याच कडक उन्हात ढिला पडतो. दोर भिजवून बांधला की वाळताना आवळतो अशी समजूत बऱ्याच मेस्त्रींमध्ये आहे. ती कातडी वादीला किंवा झाडाच्या ओल्या सालीला लागू पडते, पिळाच्या दोराला नाही. याच्या जोडीला बांबूही वाळताना आकसतो. हिरवा बांबू आणि भिजवलेला दोर अशी जोडी जमली, तर दोन्ही एकाच दिशेने सैल होतात. म्हणून पक्का, वाळलेला बांबू आणि कोरडा दोर घ्यावा, आणि जोराच्या पावसानंतर ऊन पडले की सांध्यांवरून हात फिरवून सैल झालेले सांधे पुन्हा आवळावेत. हाँगकाँगमध्ये बांबूच्या परांचीसाठी दोराऐवजी सुमारे 6 मिलीमीटर रुंदीच्या चपट्या नायलॉनच्या पट्ट्या वापरल्या जातात. तिथे पट्टीचे अनेक वेढे घेऊन टोके एकमेकांवर पिळतात आणि वेढ्यांखाली खोचतात. ती पट्टी चपटी असल्याने बांबूवर बसते आणि बांधायची पद्धतही तिच्यासाठीच बनलेली आहे, त्यामुळे तिच्यावरून नायलॉनचा गोल दोर सांध्याला चालेल असा निष्कर्ष काढता येत नाही.

सांधा कसा बांधायचा ते थोडे जवळून पाहू. उभ्या बांबूवर, आडवा बांबू जिथे येणार त्याच्या लगेच खाली खुंटगाठ म्हणजे क्लोव्ह हिच मारायची आणि तिचे आखूड टोक लांब दोरावर दोन-तीन वेळा पिळून घ्यायचे, म्हणजे ते पुढच्या वेढ्यांखाली दडपले जाते. मग दोर आडव्या बांबूच्या पुढून वर, उभ्याच्या मागून पलीकडे, पुन्हा आडव्याच्या पुढून खाली आणि उभ्याच्या मागून परत, असा फिरवायचा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या शेजारी बसवायचा, त्यावर चढू द्यायचा नाही, आणि प्रत्येक वेढ्याला अंगाचा जोर लावून ताण द्यायचा. असे तीन-चार वेढे झाले की दोराची दिशा बदलायची. आता दोर दोन बांबूंच्या मधल्या फटीतून, आधीच्या वेढ्यांच्या भोवती, दोन-तीन वेळा फिरवून करकचून ओढायचा आणि शेवट आडव्या बांबूवर खुंटगाठीने करायचा. या मधल्या वेढ्यांनीच आधीचे वेढे कंबरेत आवळल्यासारखे ताणले जातात. नवशिका माणूस बाहेरचे वेढे आठ घेतो आणि मधला एकच, तोही हाताच्या जोराने. सांधा दिसायला भरगच्च होतो, पण हाताने हलवला तर हलतो. बाहेरचे तीन आणि मधले तीन घट्ट वेढे त्याहून कितीतरी बरे.

आडवा बांबू शक्यतो उभ्याच्या पेराच्या फुगवट्यालगत वर येईल असा धरावा, म्हणजे खालचे वेढे फुगवट्यावर टेकतात आणि सगळा भार केवळ घर्षणावर राहत नाही. तिरक्या कैचीचा बांबू उभ्याला नीट टेकत नसेल, तर खुंटगाठीने सुरुवात केल्यावर बांबू एकमेकांपासून फाकतात. तिथे टिंबर हिच, म्हणजे दोराचे टोक त्याच्यावरच पिळून आवळलेली गाठ, दोन्ही बांबूंना एकत्र कवेत घेऊन मारावी; तिच्याने ते आधी जवळ ओढले जातात आणि मग दोन्ही कर्णांच्या दिशेने वेढे घेता येतात. बांबूला बांबू जोडून उंची वाढवताना वरच्याचा खालच्यावर भरपूर पदर घ्यावा आणि बांधणी एकाऐवजी दोन ठिकाणी, एकमेकांपासून जमेल तितकी दूर करावी. एकाच ठिकाणी कितीही वेढे घातले तरी तो जोड बिजागरीसारखा वळतो.

माल ओढण्याच्या दोराचे गणित वेगळे आहे. इथे दोराची जाडी ताकदीवरून ठरत नाही, हातावरून ठरते. 10–12 मिलीमीटरचा दोर भार पेलेल, पण तळहात कापेल आणि घामट हातातून निसटेल. म्हणून साध्या कप्पीवरच्या ओढकामाला 18 मिलीमीटरच्या आसपासचा दोर योग्य. कप्पीची खाचही त्याच जाडीची हवी. अरुंद खाचेत दोर चिमटतो, फार रुंद खाचेत तो चपटा होतो किंवा चाकाच्या कडेला उतरून अडकतो. कप्पीचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान आठपट असावा. आणखी एक गोष्ट नेहमी दुर्लक्षित राहते. 48.3 मिलीमीटर व्यासाचा, 4 मिलीमीटर जाडीचा 6 मीटर लांब पाइप सुमारे 26 किलो भरतो, पण तो एका स्थिर कप्पीवरून खाली उभा माणूस ओढत असेल, तर कप्पी जिथे टांगली आहे त्या आडव्या पाइपावर 52 किलोंहून अधिक भार येतो, कारण मालाचे वजन आणि ओढणाऱ्याचा जोर दोन्ही तिथेच उतरतात, शिवाय घर्षण असते. एका वेळी तीन पाइप ओढायचे ठरवले की हा भार दीडशे किलोंच्या वर जातो. परांचीच्या बाहेर डोकावणाऱ्या एकट्या पाइपाच्या टोकावर हे सगळे टांगू नये. तो पाइप दोन उभ्यांना पकडलेला आणि बाहेर कमीत कमी डोकावणारा हवा. कप्पीच्या आकड्याचे म्हणजे हुकाचे तोंड उघडे असेल, तर दोरीच्या वेढ्यांनी ते बंद करावे.

पाइप उभा वर जायचा असेल, तर मुख्य गाठ त्याच्या मध्याच्या खाली आणि त्याच दोराची एक अर्धी गाठ, म्हणजे हाफ हिच, वरच्या टोकाजवळ हवी. खालची गाठ वजन घेते, वरची पाइपाला दोराच्या रेषेत ठेवते. खडबडीत लाकडी वाशाला खालची गाठ म्हणून टिंबर हिच चालते, पण गुळगुळीत पाइपावर, विशेषतः पावसात, ती घसरू शकते. तिथे रोलिंग हिच मारावी, कारण तिचे जादा वेढे ज्या बाजूला ओढ आहे त्या बाजूला पडतात आणि पाइपाच्या लांबीच्या दिशेने ओढ आली तरी ती पकड सोडत नाही. जादा वेढे चुकून दुसऱ्या बाजूला पडले, तर ही गाठ खुंटगाठीइतकीही उपयोगाची राहत नाही. म्हणून पाइप जमिनीपासून हातभर उचलून, एक झटका देऊन, मगच वर पाठवावा. क्लॅम्प, नट-बोल्ट अशी सुटी सामग्री गाठीने कधीच वर पाठवू नये. ती तळ मजबूत असलेल्या पिशवीतून किंवा बादलीतून जावी आणि बादलीच्या कडीला बोलाइन, म्हणजे भाराखाली न आवळणाऱ्या फासाची गाठ, मारावी. रिकामी बादली खाली जाताना दोर ढिला पडतो, आणि ढिला पडल्यावर हळूहळू सुटणे हाच बोलाइनचा दोष आहे. म्हणून तिचे टोक दोराच्या जाडीच्या निदान 12 पट लांब ठेवून फासाच्या पदराला आणखी एक गाठ मारून अडकवून टाकावे.

वर जाणारी लांब वस्तू वाऱ्याने फिरू नये म्हणून खालून जो आवरदोर धरतात, त्याच्या मोकळ्या टोकाला गाठ असू नये. ती गाठ परांचीच्या एखाद्या कोपऱ्यात अडकते आणि वर जाणारा माल अचानक थांबतो किंवा हिसका बसतो. तो दोर हाताला गुंडाळूनही धरू नये. या कामाला पॉलिएस्टर चांगले, कारण ते कमी ताणले जाते आणि पावसात त्याची ताकद जवळजवळ तशीच राहते.

गाठींची संख्या वाढवण्यात फारसा अर्थ नाही. खुंटगाठ, टिंबर हिच, रोलिंग हिच, बोलाइन, दोन दोर जोडणारी शीट बेंड, आणि गोल वेढा घेऊन मारलेल्या दोन अर्ध्या गाठी एवढ्या अंधारात, हातमोजे घालून आणि उलट्या बाजूने मारता आल्या, तर परांचीचे जवळजवळ सगळे काम निभावते. खुंटगाठीबद्दल एक सावधगिरी सांगतो. ती वेढ्यांची सुरुवात आणि शेवट करायला उत्तम आहे, पण एकटी भार घ्यायला नाही. ओढीची दिशा बदलत राहिली किंवा बांबू स्वतःभोवती फिरला, तर ती सरकते. दोन दोर जोडायला रीफ नॉट, म्हणजे एकीवर एक उलट मारलेल्या दोन साध्या गाठी, मारू नये, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी थोडीच. ती सपाट आणि नीटस दिसते, पण तिच्या एका टोकाला बाजूने झटका बसला की ती उलटून दोन सरकत्या वेढ्यांची होते, आणि दोर वेगवेगळ्या जाडीचे असतील तर झटक्याचीही वाट पाहत नाही. दोन दोर जोडायचे तर शीट बेंड, आणि जाडीत फरक असेल किंवा दोर गुळगुळीत असेल तर दुहेरी शीट बेंड. त्यात जाड दोराचा फास करायचा आणि बारीक दोराने वेढे घ्यायचे. साध्या निरगाठीने दोराची ताकद निम्म्याच्या आसपास येते, बोलाइनने साठ-सत्तर टक्के शिल्लक राहते, तर दोराच्या टोकाचे पेड उलगडून त्याच दोरात गुंफून केलेल्या फासाने, म्हणजे डोळ्याने, नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणून जो दोर रोज त्याच आकड्याला लागतो, त्याला गाठ न मारता डोळा गुंफून घ्यावा. वनस्पतिजन्य दोरात प्रत्येक पेड निदान तीनदा आणि कृत्रिम दोरात, तो घसरतो म्हणून, निदान पाचदा आत घ्यावा लागतो.

दोन पदरांनी माल टांगताना पदरांमधला कोन पाहावा. कोन 60 अंशांचा असेल, तर प्रत्येक पदरावर भाराच्या सुमारे 58 टक्के ओढ येते, 90 अंशांना 71 टक्के आणि 120 अंशांना प्रत्येक पदरावर पूर्ण भाराइतकी. त्यापुढे ओढ इतकी झपाट्याने वाढते की तिथे जाऊच नये.

माणसासाठीचा दोर हा वेगळा विषय आहे आणि त्यात वरचा कोणताही दोर बसत नाही. त्यासाठी गाभा आणि आवरण असलेला प्रमाणित दोर घ्यावा. EN 1891 हे युरोपीय मानक अ वर्गाच्या दोराला बिनगाठीचा 22 किलोन्यूटन (सुमारे 2.2 टनांचा) आणि टोकांच्या जोडणीसह 15 किलोन्यूटन (सुमारे दीड टनाचा) भार सोसायला लावते. त्या दोराला कामाच्या ठिकाणी माल बांधायचा नाही, त्याने सांधा आवळायचा नाही, आणि तो दुसऱ्या कुणाला उसना द्यायचा नाही. एकदा पडणाऱ्या माणसाचा भार त्याने झेलला की तो सेवेतून बाद. त्याचे वरचे टोक परांचीच्या आडव्या बांबूला बांधून मोकळे होणे ही पळवाट आहे; परांचीच कोसळली तर दोरही तिच्याबरोबर जातो. जिथे शक्य आहे तिथे ते टोक इमारतीच्या पक्क्या भागालाच हवे.

रसायने आणि उष्णता यांच्यामुळे होणारी हानी बाहेरून दिसत नाही. नायलॉनला आम्ल सोसत नाही. विटांचे दर्शनी काम आम्लाने धुताना त्याखालून नायलॉनचा दोर जात असेल, तर दोर दिसायला तसाच राहतो आणि भाराखाली तुटतो. पॉलिएस्टर आम्ल बऱ्यापैकी सोसते, पण तीव्र अल्कलीपुढे झिजते. ओले सिमेंट चांगलेच अल्कधर्मी असते, म्हणून काँक्रीटच्या कामावर पॉलिएस्टरचा दोर गाऱ्यात लोळू देऊ नये. पॉलिप्रॉपिलीन दोन्हींना दाद देत नाही, पण ते सुमारे 165 अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडते. यातून एक नियम निघतो. कृत्रिम दोर दुसऱ्या स्थिर कृत्रिम दोरावरून कधीही धावू देऊ नये. घर्षण एकाच जागी साठते आणि स्थिर दोर काही क्षणांत वितळून कापला जातो. फिरता दोर नेहमी कप्पीतून किंवा धातूच्या कडीतूनच न्यावा.

तपासणीसाठी दोर उलट्या पिळाने थोडा उघडून पेडांच्या आत पाहावे. बाहेरून मळका दिसणारा दोर आतून स्वच्छ आणि चकचकीत असेल, तर तो कामाचा आहे. बाहेरून बरा आणि आत भुकटी असलेला मात्र नाही, कारण ती भुकटी म्हणजे आत शिरलेल्या वाळूने कापलेले तंतू. कृत्रिम दोरात बोटांना कडक, काचेसारखा चकाकणारा भाग लागला, तर तो वितळून गोठलेला आहे. वनस्पतिजन्य दोराला कुबट वास येत असेल, तर आतला एखादा धागा ओढून पाहावा. तो हातानेच सहज तुटला तर पुढे काही पाहायची गरज नाही. एखाद्या जागी दोर अचानक बारीक झाला असेल, तर तो तिथे पूर्वी कधीतरी क्षमतेबाहेर ताणला गेलेला असतो. कोरड्या, सावलीच्या जागी, जमिनीपासून वर, सिमेंटच्या गोण्यांपासून आणि बॅटऱ्यांपासून दूर टांगून ठेवल्यास दोर टिकतो. ओला दोर तसाच गुंडाळून ठेवू नये, आणि वाळवण्यासाठी शेगडीजवळही नेऊ नये.

बाद झालेला दोर कोपऱ्यात टाकला, तर घाईच्या दिवशी कुणीतरी तो उचलून सांध्याला बांधतो. म्हणून त्याचे ठरवल्याच दिवशी हातभर लांबीचे तुकडे करावेत. असे तुकडे धारदार कडांखाली गादी म्हणून उपयोगी पडतात. त्यांना एकमेकांना जोडून पुन्हा लांब दोर करू पाहणारा माणूस दिसला, तर त्याच्या हातून ते काढून घ्यावेत.